पैलवानाच्या वहाणा

“मग चुका दिसल्या तरी गप्प बसायचं का, बाबा?”

शशिकांत मास्तरनं इचारलं, आन हातातला घास हातातच ठिवला.

गिरीबाबा जेवत व्हते. जेवताना त्यांना कुणी काय इचारलं की ते आधी घास गिळायचे, मंग पाणी प्यायचे, मंग बोलायचे. कवाकवा बोलायचेबी न्हाईत.

ह्या बारीला घास गिळला. पाणी प्यालं.

“ताक घे,” म्हणले.

मास्तरचं तोंड बघण्यासारखं झालं. मी ताक वाढलं. जरा जास्तच वाढलं, भाकरी पार बुडाली.

“आत्या, अहो, पुरे!”

“बाबानं सांगितलं ना घे म्हणून?”

आता आमच्या मठीची रीत सांगते, न्हाईतर पुढचं ध्यानात यायचं न्हाई.

ओढ्याच्या काठाला आमची ही गोसाव्याची मठी. हितं समाधीला नारळ चालत न्हाई. फूल न्हाई, पेढं न्हाई. हितं गोष्ट चालती. ज्याला काय वाहायचं आसंल त्यानं गोष्ट लिहून आणायची आन पुनवंला, दुपार कलली की, समाधीम्होरं बसून वाचायची. स्वताची. उसनी आणलेली चालत न्हाई. लिहाय येत न्हाई त्यानं तोंडानं सांगायची.

आसपासच्या एकाबी गावात अशी मठी न्हाई. नारळ काय, कुणीबी फोडतंय.

वाचणाऱ्याच्या समोर एक पाट आसतो. फणसाचा, कोपऱ्यांला पितळी फुल्या. त्या पाटावर बसतो त्याला आमच्यात ‘कान’ म्हणत्यात. गुडघ्याला गुडघा लागंल इतकं जवळ बसायचं आन ऐकायचं. गोष्ट सरली की पहिला शब्द कानाचा. तवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं न्हाई.

मीबी न्हाई. म्हंजे बघा.

कान म्हणून सारा जलम बाबाच बसले. पर आता बाबालाच ऐकाय कमी येतंय. येत्या पुनवंला पाट दुसऱ्याला देणार, असं त्यांनी समद्यांदेखत सांगितलं, आन त्या दिवसापासनं मास्तर इस्तरीचं कपडं घालून मठीत याय लागला.

मास्तर माणूस वाईट न्हाई. तालुक्याच्या शाळंत मराठी शिकवतो. हुशार हाय. त्याच्यागत मराठी लिहिणारा आमच्या भागात दुसरा न्हाई, हे त्यानंच मला सांगितलंय. लग्नाच्या पत्रिकेत चूक दिसली तर आहेर द्यायच्या आधी नवऱ्यामुलाच्या बापाला पत्रिका दावतो. बाप बिचारा मांडवात हात जोडून हुबा, त्याला वाटतं मास्तर आशीर्वाद द्याय आला.

त्याच्या खिशाला लाल पेन.

तर त्या जेवणाच्या आदल्या दिवशीची पुनव. बाबा म्हणले, “आज माझ्या कानात वारं भरलंय. पहिला शब्द मास्तर बोलंल.”

मास्तर पाटावर बसला. पाठ अशी ताठ, जसा काय फोटूच काढायचाय.

आन समोर कोण बसाय यावं? धुळू पैलवान.

धुळू पैलवान म्हंजे ओढ्याच्या पलीकडच्या तालमीचा वस्ताद. आता वय झालंय, पर दारातनं आत आला की मठीत अंधार पडतो. ह्यो गडी पहिल्यांदाच गोष्ट घेऊन आलता. कागद धरला तर नुसता एका कोपऱ्याला, जसा काय चावंलच. मी म्हणलं, पैलवान, कागद हाय त्यो, सापाचं पिल्लू न्हाई.

वाचली त्यानं. आडखळत वाचली, घाम पुसत वाचली.

सरली.

मास्तरनं कागद त्याच्या हातातनं घेतला. खिशातलं पेन काढलं. आन समद्यांदेखत, तिथंच पाटावर बसून, लाल रेघा मारत सुटला. हितं गोल, तिथं फुली, ह्या शब्दावर काट, त्या वळीखाली दोन रेघा. त्याचा हात काय थांबंना. पैलवान गुडघ्यावर हात ठिवून बघत बसला.

मंग कागद परत देऊन मास्तर म्हणला, “प्रयत्न चांगला आहे.”

पैलवानानं कागद बघितला. कोंबडं कापल्यावर फरशी दिसती तसा कागद.

त्यानं कागदाची घडी घातली, फेट्यात खोवली, समाधीला हात लावला आन चालाय लागला.

वहाणा हितंच ठिवून.

एवढा मोठा माणूस, अनवाणी ओढा उतरून गेला.

समदी पांगली. मास्तरचं पेन चटईवरच राहिलं. मी ते उचललं आन पिठाच्या डब्यात टाकलं. का टाकलं म्हणाल तर माझ्या हाताला त्यो डबा जवळ व्हता.

आता त्या जेवणाकडं या.

मास्तर भिजलेली भाकरी चिवडत म्हणला, “बाबा, मी काही खोटं सांगितलं का? एक तरी चूक मी मनानं काढली का? तुम्ही स्वतः बघा. पानभर चुका होत्या. त्याला सांगणार कोण? सगळ्यांनी वा वा केलं तर तो जन्मभर तसंच लिहील. मी त्याचं भलंच केलं.”

बाबानं दुसरी भाकरी घेतली. भाकरीवर एक लाल रेघ उमटली व्हती. पेन जरा गळकं निघालं.

बाबानं भाकरी उलटी करून बघितली. सुलटी करून बघितली. माझ्याकडं बघितलं.

मी चुलीकडं बघितलं.

बाबानं तेवढा तुकडा मोडून कडंला ठिवला, बाकीची खाल्ली.

“मास्तर,” बाबा म्हणले, “गोष्ट काय व्हती?”

“कुस्तीची होती.”

“मला काल ऐकाय आली न्हाई. सांग.”

“सांगण्यासारखं काही नाही त्यात. तो जत्रेत गेला, कुस्ती जिंकला. संपलं.”

“संपलं?”

“संपलं.”

“मंग तुला आठवतंय काय?”

मास्तर आता तापला. “चुका सगळ्या आठवतात. एकूण एक. ओळीनं सांगतो. कागद नसला तरी सांगतो.”

“सांग,” बाबा म्हणले, आन भिंतीला टेकून डोळं मिटून घेतलं.

मास्तरनं हात धुतला, मांडी सारखी केली. वर्गात हुबा राहतो तसा आवाज काढला.

“पहिलंच वाक्य. ‘हिरानं भाकरी बांधून दिली आन तोंड फिरवलं.’ आता ही हिरा कोण? बायको, बहीण, आई? सांगितलेलंच नाही. वाचणाऱ्याला कसं कळणार? तोंड का फिरवलं? तेही नाही. ही पहिली चूक.”

“मंग?”

“मग ओढ्यापासून जत्रेच्या मैदानापर्यंत एकच वाक्य. पूर्णविराम म्हणून नाही. पहाट आहे, ह्याचे वस्ताद पुढं खोकत चाललेत, उसात कोल्हं ओरडतंय, हा भाकरी खात नाही, हातात नुसती धरून चाललाय, आणि चाललाय आणि चाललाय... वाचताना दम लागतो.”

“लागतो खरा,” बाबा डोळं न उघडता म्हणले. “मंग?”

“मग मैदान. तिथं ‘माती’ हा शब्द दर ओळीत. माती कपाळाला लावली, माती छातीला लावली, माती समोरच्याच्या खांद्याला लावली. मी म्हणतो, एकदा माती म्हटल्यावर पुढं ‘ती’ म्हणायला काय होतं?”

“समोरच्याच्या खांद्याला का लावली?”

“ते... हात निसटू नये म्हणून लावतात म्हणे. ज्याला धरायचं त्याला आधी माती लावायची. तसं लिहिलंय त्यानं. त्यातही शुद्धलेखन चुकलंय.”

“आसू दे. मंग?”

“मग कुस्ती. इथं तर कहर आहे. सगळी गोष्ट भूतकाळात. गेलो, धरलं, पडलो. आणि एकदम मध्येच ‘त्यो माझ्या मानंवर हाय, मला आभाळ दिसत न्हाई, मला हिराचं तोंड दिसतंय.’ अरे, काळ कुठला? झालेली गोष्ट सांगतोयस की आता चाललीय?”

मी भांडी घासायची थांबवली व्हती. मला वाटलं पैलवान आत्ता मरतोय.

बाबा पुढं सरकले. “मंग?”

मास्तरलाबी आता रंग चढला. त्याला वाटलं बाबा आपलं कवतिक करत्यात.

“मग त्यानं उलटी टांग मारून समोरच्याला चीत केलं. तिथं ‘गर्दी उठले’ असं आहे. मग ‘लय’. लय वाजलं, लय नाचली माणसं, लय उंच उचललं, फेटा लय लाल. विशेषण म्हणून दुसरं काही सुचतच नाही. खांद्यावर बसून गावभर मिरवला. मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक थांबली, तर हा तिथनं उतरून मागच्या बोळानं पळत घरी गेला. का गेला, कारण दिलेलं नाही. ‘मारुती’चं ऱ्हस्व-दीर्घ काहीच्या बाही.”

“मंग?”

“मग संपली.”

“पळत घरी गेला... आन संपली?”

“शेवटी एक वाक्य होतं.”

“त्यात काय चूक व्हती?”

मास्तरनं खिसा चाचपला, जसं काय ते वाक्य पेनाबरोबरच खिशात आसंल. पेन न्हवतं.

“त्यात चूक नव्हती,” मास्तर म्हणला.

“एकबी न्हाई?”

“नाही. बरोबर होतं ते. मी रेघ मारली नाही.”

“काय व्हतं ते?”

कावळा ओरडला. ओढ्यावर कुणी धुणं आपटत व्हतं.

मास्तरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“द्वारके,” बाबा मला म्हणले, “तुला आठवतंय?”

“मला समदं आठवतंय,” मी म्हणलं. “पर मी सांगायची न्हाई.”

“आत्या!” मास्तर म्हणला.

“मी काय कान हाय व्हय? मी भांडी घासती.”

बाबा उठले. काठी घेतली. दारापाशी गेले. तिथं पैलवानाच्या वहाणा पडल्या व्हत्या, एकीत मांजर झोपलं व्हतं. बाबानं मांजर उठवलं न्हाई. वाट बघितली. मांजर आपणहून उठलं, आळस दिला, गेलं.

मंग बाबानं काठीनं वहाणा मास्तरकडं सरकवल्या.

“ह्या देऊन ये. येताना ते वाक्य घेऊन ये.”

“आणि पाट?”

“वाक्य आण, पाट तुझा. न्हाई आणलंस तर न्हाई.”

तालमीकडं मास्तरच्या गाडीला रस्ता न्हाई. ओढा पायानं उतरायचा आन गावातनं चालत जायचं. मास्तरनं वहाणा आधी पिशवीत घालून बघितल्या. मावंनात. वर्तमानपत्रात गुंडाळून बघितल्या. टाचा भाईर. शेवटी हातात धरल्या, अंगापासनं लांब, दोन बोटांनी.

मला डाळ भरडून आणायची व्हती. म्हंजे आणायची न्हवती, पर मी डाळ घेतली आन मागं मागं निघाले.

पाराजवळ बसलेला म्हातारा म्हणला, “मास्तर, वहाणा पैलवानाच्या न्हवं का?”

“हो.”

“मंग तुमच्याकडं कशा?”

मास्तरनं चाल वाढवली.

पुढं किराणावाल्यानं हाक दिली, “सर, पैलवान बरं हायत ना?”

“बरे आहेत, बरे आहेत.”

“न्हाई, वहाणा बघून काळजात धस्स झालं.”

मी मागनं म्हणलं, “मास्तर पोचवाय निघाल्यात. काल मास्तरनं पैलवानाला चीत केला, त्यो वहाणा सोडून पळाला.”

दुकानातली माणसं मास्तरच्या दंडाकडं बघाय लागली. मास्तरचा दंड म्हंजे माझ्या लाटण्याएवढा. मास्तरनं मान खाली घातली आन पाय उचलला.

तालमीत पोरं जोर मारत व्हती. तालमीचा हौदा म्हंजे कुस्तीचा खड्डा, लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद. लांबनंच वास येतो. पैलवान कडंला लाकडी ओंडक्यावर बसलेला. अनवाणी. मास्तरला बघितलं आन नजर पोरांकडं फिरवली.

“ठिवा तिथं,” म्हणला.

मास्तरनं वहाणा ठिवल्या. नीट जोडून ठिवल्या. हुबा राहिला.

“अजून काय?”

“एक विचारायचं होतं.”

“इचारा. लाल शाई उरली का?”

पोरं हसली. पैलवानानं नुसतं बघितलं, पोरं परत जोर माराय लागली.

मास्तरनं बूट काढलं. मोजं काढलं. हौद्यात उतरला आन पैलवानाच्या समोर, त्या मातीत, इस्तरीच्या पँटीनिशी मांडी घालून बसला. कुणी बस म्हणलं न्हवतं.

“तुमचं शेवटचं वाक्य काय होतं?”

पैलवानानं मान वळवली.

“तुमी वाचलं की.”

“वाचलं. आठवत नाही.”

“बाकीचं आठवतंय?”

“बाकीचं सगळं आठवतं. त्यात चुका होत्या म्हणून.”

“म्हंजे ह्या वळीत चूक न्हवती म्हणून इसरला?”

“हो,” मास्तर म्हणला. मान वर न करता म्हणला, पर म्हणला. तेवढं मी मानते.

पैलवान हसला. असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पोरं जोर मारायची थांबली, कुणी वर, कुणी खाली.

मंग हसू आपोआपच थांबलं.

त्यानं फेट्यातनं कागद काढला. घडी उलगडली. लाल, लाल, लाल, आन तळाला एक वळ कोरी. मास्तरच्या हातात दिला.

“वाचा तुमीच.”

मास्तरनं वाचलं. मोठ्यानं वाचलं.

“‘घरी आलो तर दार सताड उघडं आणि तव्यावर भाकरी करपलेली.’”

मास्तरनं परत वाचलं, ह्या बारीला मनात. ओठ हलताना दिसलं. वाक्य आणायचं काम झालं व्हतं. उठून मठीत याय पायजे व्हता, पाट घ्याय पायजे व्हता. मी डाळीची पिशवी सावरून हुबीच.

मास्तर उठला न्हाई.

“पैलवान,” त्यो म्हणला, “भाकरी का करपली?”

“आं?”

“पहिल्या वाक्यात हिरानं तोंड फिरवलं होतं. म्हणजे त्यांना तुमची कुस्ती आवडत नव्हती. बरोबर?”

“डोळ्यांम्होरं नको असायची. तालमीची माती उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची न्हाई.”

“मग चूल पेटलेली टाकून, दार उघडं टाकून त्या गेल्या कुठं?”

पैलवान वाकला. हौद्यातली मूठभर माती उचलली. आन मास्तरच्या पांढऱ्याधोप सदऱ्यावर, खांद्यावर, चोळली. आधी ह्या खांद्यावर, मंग त्या.

मास्तर हलला न्हाई.

“हां,” पैलवान म्हणला. “आता धरलंस.”

तवर मास्तरला ‘तुमी’ म्हणत व्हता. आता ‘तू’ वर आला.

मंग त्यानं सांगितलं. पोरांकडं पाठ करून, हळू सांगितलं. मी जवळ सरकले, डाळ सांडल्याचं निमित्त करून.

“मी घरात एकला. तव्यातनं धूर. म्हणलं, हिला काय झालं? तवा खाली घेतला, हात भाजला. तेवढ्यात ती आली. पळत आलती. पायाला धूळ, पदर घसरलेला, तोंड लालबुंद. मला दारात बघितलं आन जागच्या जागी थबकली. म्हणली, शेळी सुटली व्हती, शोधाय गेलते.”

“सुटली होती?”

“शेळी दावणीला व्हती. माझ्या म्होरं. पाला खात.”

मास्तर हसला. मला वाटतं त्याला मी पहिल्यांदाच हसताना बघितला.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, गावली का शेळी? तर म्हणली, गावली. आन दुसरी भाकरी टाकाय बसली. माझ्याकडं पाठ. पर मला तिचा खांदा हलताना दिसत व्हता...” पैलवान थांबला. “मिरवणूक आमच्या आळीवरनं जात न्हवती. बघायची तर कुणाच्या तरी माळवदावर चढाय लागतं. लुगडं नेसून, शिडीवरनं. ती चढली आसंल. तिनं कवा सांगितलं न्हाई, मी कवा इचारलं न्हाई. गेल्या साली गेली ती. आता इचारायचं ऱ्हाऊन गेलं.”

कुणाच्या माळवदावर चढली व्हती ते मला ठावं हाय. शिडी कुणी धरली व्हती तेबी. तिनं शपथ घातलीया, तवा मी सांगायची न्हाई.

पैलवान म्हणला, “हेबी लिवायचं व्हय? मला वाटलं, दार उघडं म्हणलं की समद्यांला कळंल.”

“मला कळलं नाही,” मास्तर म्हणला.

“तुला कसं कळंल? तू रेघा मारत व्हतास.”

“मग आता लिहा. मला ऐकायचंय.”

मास्तर मठीत परत आला तवा ऊन उतरलं व्हतं. दोन्ही खांद्यांवर तांबड्या मातीचं पंजे, पँटीला माती. पाराजवळच्या म्हाताऱ्यानं इचारलं, मास्तर, आज तुमाला चीत केलं वाटतं? मास्तर म्हणला, हो. आन पुढं गेला. ताठ गेला, पर ताठपणा येगळा व्हता.

बाबा अंगणात बसलेले.

“आणलंस?”

मास्तरनं म्हणून दावलं. “‘घरी आलो तर दार सताड उघडं आणि तव्यावर भाकरी करपलेली.’”

बाबांनी मान हलवली. “चूक न्हाई त्यात.”

“एक आहे, बाबा.”

बाबानं कान पुढं केला.

“ते शेवटचं वाक्य नव्हतं.”

बाबा उठले. आत गेले. पाट उचलला, कुणाला उचलू दिला न्हाई, आन समाधीम्होरं, जिथं रोज आसतो तिथनं थोडा आणखी पुढं, वाचणाऱ्याच्या जवळ, ठिवला. स्वता मागं जाऊन दारापाशी आमच्यात बसून बघितलं. बरं वाटलं वाटतं. हसले.

पुढची पुनव आली.

धुळू पैलवान आला. फेटा नवा. वहाणा दारात काढल्या, नीट जोडून. तालमीची समदी पोरं मागं, आंघोळी करून, भांग पाडून. मठी भरली, अंगण भरलं. पाटावर मास्तर. गुडघ्याला गुडघा.

पैलवानानं वाचली. तीच गोष्ट. हिरा कोण ते आता पहिल्याच वळीत व्हतं, माझी बायकू हिरा, असं छाती काढून वाचलं. ओढ्यापासनं मैदानापतूर पूर्णविराम न्हवताच, आन कुणाला नको व्हता. मातीबी दर वळीत व्हती. त्यो मानंवर बसलेला गडी तसाच मानंवर. मास्तरचे ओठ पैलवानाच्या आधी हलत व्हते. समदं पाठ.

दार सताड उघडं आलं. भाकरी करपली. आन मंग शेळी आली.

शेळी दावणीला पाला खात व्हती, तिथं अख्खी मठी हसली. दुसरी भाकरी टाकताना हिराचा खांदा हलत व्हता, तिथं हसू बंद झालं. पोरांनी आपल्या वस्तादाकडं असं बघितलं, जसं काय त्यानं आजच कुस्ती मारलीया. मीबी पदर तोंडाला लावला. धूर न्हवता, पर लावला.

सरली.

समदी मास्तरकडं बघाय लागली. पहिला शब्द कानाचा.

मास्तरचं डोळं भरलेलं, त्यानं ते पुसलंबी न्हाईत.

मंग म्हणला, “पैलवान, ती माळवदावरच गेली होती.”

पैलवानानं मान हलवली. लांब श्वास घेतला.

“बरं,” त्यो म्हणला, आन कागद मास्तरच्या मांडीवर ठिवला. “आता चुका काढ.”

मास्तर दचकला. “आता? नको. राहू दे.”

“ऱ्हाऊ दे म्हंजे? मी काय आजारी हाय? पोरांला तालमीत मी सोडतो व्हय, पाय चुकला तरी? हा कागद तालमीत लावायचाय, मारुतीच्या फोटूखाली. हिराचं नाव हाय त्यात. एकबी चूक नको. काढ. माती लावलीया ना तुला?”

मास्तरनं खिसा चाचपला. महिनाभर चाचपत व्हता, सवयीनं चाचपला. मोकळा.

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मंग बाबाकडं बघितलं.

बाबा दारापाशी बसलेले, डोळं मिटून. कानात वारं भरलंय म्हणणारा माणूस.

डोळं न उघडताच म्हणले,

“द्वारके, पिठाच्या डब्यातनं त्याचं पेन काढून दे.”